क्लासच्या जिन्यापर्यंत जाते आणि परत येते

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४७, सांगलीला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली आणि तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर घरात कोणाला आपली घाई नसते, असं त्या लिहितात. गाणं शिकायचं लहानपणापासून मनात आहे. पण सातवीत १५ ऑगस्टच्या समूहगीताच्या प्रॅक्टिसला बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नकोस', त्यानंतर चारचौघांत त्यांनी आवाज काढलाच नाही, गणपतीच्या आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवतात. आवाज मुळातच जाड, फोनवर अनोळखी माणूस 'हां सर, बोला' म्हणतो. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाण्याचा जो उत्सव होतो त्याला दरवर्षी जातात, मागे सतरंजीवर बसून ऐकतात. क्लास शोधून ठेवलाय, सरांशी फोनवर बोलणंही झालंय, तीनदा क्लासच्या जिन्यापर्यंत गेल्या, वर लहान मुलांचे अलंकार (सारेग, रेगम असे सुरांचे पाठ) चाललेले ऐकले आणि भाजी घेऊन घरी आल्या. नवरा म्हणतो 'कर की, कोण अडवतंय', सासूबाई म्हणतात 'या वयात गळा काढायचा तर देवापुढे काढ'. त्यांचा प्रश्न असा: 'आधी यूट्यूबवरून घरीच थोडं शिकते, आवाज जरा बरा झाला की मग क्लासला जाते, असं ठरवलंय. बरोबर आहे का? की हा नादच सोडून देऊ?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या जिन्याशी अडकले, कारण तीनदा तिथवर जाणं म्हणजे काय ते मला माहितीये, माणूस घरून निघताना साडी बदलतो, घरच्यांना काहीतरी कारण सांगतो, आणि मग पाच पायऱ्या चढायला पाय उचलत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली, जी तुम्ही जाता जाता लिहिलीये आणि तुम्हाला स्वतःला ती महत्त्वाची वाटलेली नाहीये. तुम्ही लिहिता, उत्सवात एकदा गाणं चालू असताना तानपुऱ्याची एक तार उतरली होती आणि 'मला तिथे बसवेना, कानाला नुसतं टोचत होतं, शेजारच्या मैत्रिणीला काहीच कळलं नाही.'

ताई, हे ज्याला कळतं त्याला सुराचा कान नाही असं कसं म्हणायचं?

सुरांमधला फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसं असतात, नाही असं नाही, पण फार थोडी. आणि त्यातल्या बहुतेकांना आपण बेसूर गातोय हेच मुळी कळत नाही, ते आरती मोठ्यांदा म्हणतात आणि आनंदात असतात. तुमचं उलट आहे. तुम्हाला बारीकसं उतरलेलंही कळतं, म्हणून स्वतःचा आवाज जागेवर लागला नाही की लगेच टोचतं, आणि त्या टोचण्यालाच तुम्ही 'मला गाता येत नाही' असं नाव दिलंय. भाकरी गोल झाली नाही हे डोळ्याला पहिल्याच दिवशी कळतं, हाताला वळण यायला दोन-तीन महिने जातात. कान आणि गळा यांचं तसंच असतं. तुमचा कान इतकी वर्षं उत्सवात बसून तयार होत आलाय आणि गळा सातवीपासून बंद, मग या दोघांत अंतर पडणारच, आणि ते अंतर कमी करायचं काम घरात एकट्याने होत नाही म्हणून तर शिकवणारा लागतो.

आता त्या सातवीतल्या बाईंबद्दल. मला त्यांच्यावर राग काढायचा नाहीये, स्नेहसंमेलन, १५ ऑगस्ट, ऐंशी मुलं आणि एक पेटी, त्यांचंही काय होत असेल. पण त्या दिवशी नक्की काय घडलं असेल याचा एकदा नीट विचार करू, कारण तुमचं सगळं मत त्या एका दुपारवर उभं आहे.

शाळेत समूहगीत बसवताना बाई पेटीवर एक पट्टी धरतात, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या उंचीवर ठेवायचा ते ठरवतात. मुलींच्या गाण्याला बहुतेक वेळा काळी चार नाहीतर काळी पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी, म्हणजे बरीच उंच), कारण जास्तीत जास्त मुलींना ती सोसते. आता ज्या मुलीचा आवाज मुळातच खालचा आहे तिने काय करायचं? तिचा स्वतःचा सा कदाचित पांढरी तीन-चारच्या आसपास, म्हणजे बराच खाली असेल. तिला त्या गाण्याचा वरचा भाग मिळतच नाही, मग ती एकतर ओढून किंचाळते, नाहीतर मध्येच खालच्या सप्तकात उतरते, आणि सगळ्यांच्या आवाजात तिचा एक आवाज वेगळा ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटतं ही बेसूर. मी तिथे नव्हते, त्यामुळे असंच झालं असेल हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण जिला फोनवर लोक 'सर' म्हणतात अशा बाईच्या बाबतीत ही शक्यता फार मोठी आहे. चुकीच्या मापाचं ब्लाउज आलं तर आपण शिंप्याला बोलतो, आपल्या दंडाला नाही. तुम्ही पस्तीस वर्षं दंडाला बोलताय.

आणि जाड आवाजाचं म्हणाल तर शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल ऐका. खरंच ऐका, आज रात्री. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डमधला आवाज बारीक, उंच, त्या काळी बायकांचा असायचा तसा. मग घशाचं दुखणं, उपचार वगैरे झालं आणि आवाज जो उतरला तो कायमचा, पुरुषाचा वाटावा इतका. त्या याच आवाजात पुढे कितीतरी दशकं गायल्या, आपले गुरू सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जायच्या, आणि आज आपण गंगूबाई म्हणतो तेव्हा तोच भरदार आवाज आठवतो, आधीचा बारीक आवाज फार थोड्यांना माहितीये. मी तुम्हाला त्यांच्यासारखं गायला सांगत नाहीये हे तुम्हालाही कळतंय. एवढंच म्हणतेय की आवाज जाड असणं हा दोष म्हणून लिहून ठेवू नका, ती एक माहिती आहे, आणि सुरुवातीलाच सरांना सांगायच्या तीन गोष्टींतली ती एक आहे (बाकीच्या दोन पुढे सांगते).

'उशीर झालाय' हेही तुम्ही पत्रात चार ठिकाणी लिहिलंय. मी मोजलं. कशासाठी उशीर? पुढे दोन ओळींवर तुम्हीच म्हणता की मला स्टेजवर जायचं नाही, रेडिओवर गायचं नाही, फक्त एकदा यमन राग नीट म्हणता यावा असं वाटतं. मग त्याला उशीर कसा होईल? जी मुलगी सहाव्या वर्षी सुरू करते तिला कदाचित पंचविसाव्या वर्षी मैफल करायची असते, तिचं घड्याळ वेगळं. तुम्ही ते घड्याळ उचलून आपल्या हातावर बांधलंय आणि मग वेळ निघून गेली म्हणून हळहळताय. आवाज वयाबरोबर बदलतो हे खरं आहे, पाळी जायच्या सुमारास बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली येतो, वरचे सूर पूर्वीइतके सहज लागत नाहीत, दम कमी पडतो. पण त्यावर उपाय साधा आहे, पट्टी उतरवायची. गवई मंडळी वय झालं की हेच करतात, यात लाजायचं काहीच नाही.

एक गोष्ट तुमच्याच गावाची. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, ते गाणं शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. तेव्हा शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, त्यांच्या मर्जीने जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. पुढे त्याच पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, लिहिलेली स्वरलिपी, आणि कोणत्याही साध्या घरातल्या माणसाने येऊन शिकावं अशी सोय. आज तुम्ही ज्या जिन्याखाली उभ्या राहता तो आठवड्यातून दोन दिवसांचा, फी देऊन शिकायचा क्लास, त्याची वाट तिथूनच निघालीये. म्हणजे तो क्लास तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या, घर बघणाऱ्या, कोणत्याही घराण्यात न जन्मलेल्या माणसासाठीच आहे. तुम्ही तिथे चुकून आलेल्या पाहुण्या नाही आहात.

आता मुख्य प्रश्न, आधी यूट्यूब आणि मग क्लास.

धुणं-भांड्याला बाई यायच्या आधी आपण ओटा आवरून ठेवतो, भांडी विसळून ठेवतो, ती काय म्हणेल म्हणून. तसंच चाललंय हे. क्लासला न्यायचा आवाज घरी घासून-पुसून ठेवायचा आणि मग सरांना दाखवायचा. सरांनी आजवर शेकडो लोकांचा पहिला सा ऐकलाय ताई, थरथरणारा, दबलेला, मध्येच तुटलेला, त्यांना त्याचं काहीही वाटत नाही, दाताच्या डॉक्टरला किडका दात बघून वाटत नाही तसं. आणि 'आवाज जरा बरा झाला की' हे ठरवणार कोण? तुम्हीच. म्हणजे ज्या कोर्टात सातवीपासून एकच निकाल लागतोय त्याच कोर्टात परत तारीख घ्यायची. ती तारीख कधी यायची नाही.

यूट्यूबचं दुसरं नुकसान जास्त व्यवहारी आहे. व्हिडिओतला माणूस त्याच्या पट्टीत गातो. पुरुष असेल तर बहुधा काळी एक-दोनच्या आसपास, बाई असेल तर काळी चार-पाच, तुमचा आवाज या दोघांच्या मधला, त्यामुळे एकात तुम्ही फार खाली घोगराल आणि दुसऱ्यात वर ताणाल, दोन्हीकडे तुम्हाला वाटणार की बघा, मी म्हटलं होतं ना मला येत नाही. व्हिडिओ तुम्हाला ऐकत नाही. तो 'मान खाली करा, हनुवटी कशाला उचलताय' असं म्हणत नाही. ऐकायला यूट्यूब सोन्यासारखं आहे, पूर्वी एक भूप राग ऐकायला रेडिओची वाट बघायला लागायची, आता दहा जणांचा भूप एका रात्रीत ऐकता येतो. ऐका भरपूर. शिकायची सुरुवात मात्र तिथून करू नका, निदान तुम्ही तरी नको.

कारण तुमची भीती गाण्याची आहे असं मला वाटतच नाही. तुम्हीच लिहिलंय की घरात कोणी नसलं, मिक्सर चालू असला की तुम्ही गुणगुणता आणि बरं वाटतं. म्हणजे गाताना तुम्हाला काही होत नाही, कोणी ऐकलं की होतं. आणि ही भीती एकट्याने सराव करून जात नाही, उलट जितकं जास्त एकट्याने गाल तितकं दुसऱ्यासमोर गाणं मोठं होत जाईल. ती जाते थोडं थोडं ऐकलं जाऊन, आधी एका माणसासमोर एकच सूर, मग त्याच माणसासमोर एक ओळ.

माझं सांगते. मी ४३व्या वर्षी सुरू केलं. पहिल्या दिवशी मॅडमनी तानपुरा लावला, म्हणाल्या 'सा द्या', आणि माझ्या तोंडून हवा आली. नुसती हवा. घसा कोरडा, खांदे कानाला लागलेले, डोळ्यांत पाणी. मॅडम काही बोलल्या नाहीत, तानपुरा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, आज फक्त हा वाजवा. चार तारा, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची (खालच्या सा ची), एकामागून एक, घाई न करता. अर्धा तास मी तेवढंच केलं. जाताना चपला घालत होते तेव्हा माझ्याच नकळत मी त्या खर्जात मिसळून हूं हूं करत होते, मॅडम दारातून म्हणाल्या, 'हाच सा, पुढच्या वेळी इथून सुरू करू.' इतकी वर्षं झाली, ते दार आणि तो जिना अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा हे जे होतं, आवाज फुटत नाही, दम संपतो, सूर थरथरतो, ते गाणं येत नाही म्हणून होत नाही. घाबरलं की श्वास वरच्यावर चालतो, गळ्याचे स्नायू आवळतात, तोंड कोरडं पडतं, आणि गाणं तर श्वासावर आणि गळ्यावरच असतं. परीक्षेत हात घामेजला तर पेन घसरतं, तसं. त्यासाठी जिन्याखाली उभं राहून मनाला समजावण्यापेक्षा श्वासाला समजवा, हळूहळू श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ, आठ-दहा वेळा. सोबत कोमट पाण्याची बाटली. आणि सा लावताना तोंड उघडायच्या आधी ओठ मिटून म्म् करून त्याच सुरावर या, आवाज तुटत नाही.

आता पर्याय बघू तुमच्यासमोर कोणते आहेत ते.

ज्या बॅचच्या जिन्याखाली तुम्ही उभ्या राहता ती लहान मुलांची बॅच तुमच्यासाठी नकोच असं माझं मत आहे, आणि कारण लाजेचं नाही, पट्टीचं आहे. मुलं काळी चार-पाचमध्ये गात असणार, तुम्ही त्यांच्यात बसलात की परत सातवीतला तोच प्रकार. सरांकडे मोठ्यांची बॅच असेल तर विचारा, नसेल तर पहिले दोन-तीन महिने एकटीला वेळ मागा, फी थोडी जास्त पडेल, पण तुमचा सा एकदा ठरला आणि अलंकार बसले की मग बॅचमध्ये बसायला हरकत नाही. मुलांबरोबर बसण्यात वाईट काहीच नसतं तसं, मुलं फार लवकर चुकतात आणि फार लवकर विसरतात, ते बघून आपणही सैल होतो.

ऑनलाइन शिकवणी हा दुसरा. त्यात घरातून बाहेर पडावं लागत नाही म्हणून तो सोपा वाटेल. पण नेटवर आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही, तबला धरून तालात म्हणायचं तर फारच घोळ होतो. परदेशात किंवा जिथे जवळ शिकवणारंच कोणी नाही तिथल्या लोकांना तो मोठा आधार आहे, तुम्ही मात्र मिरजेत राहता. जिथल्या सतारमेकर गल्लीतले तानपुरे देशभरातले गवई मांडीवर घेतात, जिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावातल्या माणसाने स्क्रीनसमोर बसून शिकायचं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवायचा.

तिसरा भजनी मंडळ. हा पर्याय तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, सासूबाईंच्या बोलण्यातून मला सुचला. मंडळात एकटीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, चूक झाली तर टाळ-मृदंगात बुडून जाते, आणि आपण मोठ्यांदा तोंड उघडतोय याची सवय होते. काही बायकांची भीती अशीच गेलेली मी बघितलीये. फक्त तिथेही पट्टी सगळ्यांची एकच असते हे लक्षात ठेवा, आणि राग शिकायची तुमची इच्छा तिथे पुरी होणार नाही. क्लासच्या जोडीने करायला छान आहे.

चौथा पर्याय काहीजण सुचवतात, आधी पेटी शिका, मग गळा. हात चालतो, सूर आयता मिळतो, लाज कमी वाटते, हे खरं. पण तुमचा कान एवढा चांगला असताना मी तुम्हाला पेटीच्या मागे लपवणार नाही. ज्यांना वाद्यच आवडतं त्यांची गोष्ट निराळी.

सरांना परत फोन करा, आणि या वेळी तीन गोष्टी सांगून टाका. एक, माझा आवाज खालचा आहे, माझी पट्टी आधी काढून द्या. दोन, मला लोकांसमोर आवाज काढायची भीती वाटते, लहानपणी एक प्रसंग झालाय. तीन, पहिल्या दिवशी मी फक्त ऐकायला बसले तर चालेल का? एवढं बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि त्यावर ते काय म्हणतात यावरूनच तुम्हाला बरंच कळेल. 'या की, त्यात काय' असं म्हणणारा मनुष्य भेटला तर बिनधास्त जा. 'हे बघा, आवाज नसेल तर मी घेत नाही', 'एक वर्षाची फी आधी भरा' असं ऐकू आलं तर आभार मानून फोन ठेवा आणि दुसरं दार ठोठवा. मिरजेत शिकवणाऱ्यांची वाण नाही. फोनवर बोलायला जमत नसेल तर व्हॉट्सअपवर लिहून पाठवा, हेही चालतं.

आणि क्लास सुरू झाल्यावरही, पहिल्या आठ वेळा या चाचणीच्याच समजा. जे शिकवणारे दुसऱ्यांशी तुलना करतात, चूक झाली की बाकीच्यांकडे बघून हसतात, त्यांना सोडायला संकोच करू नका. आपल्याकडे गुरू बदलणं म्हणजे पाप अशी एक समजूत आहे, ती बारा-पंधरा वर्षं तालीम घेतलेल्यांना लागू पडत असेल कदाचित, दोन महिने अलंकार म्हणणाऱ्या माणसाला नाही. कडक असणं वेगळं हं. एकच पलटा (सुरांची ठरावीक ओळ) चाळीस वेळा म्हणायला लावणारे सर कंटाळवाणे वाटतील पण ते तुमच्या भल्याचं करतायत, सारेग रेगम गमप यातच पहिले कित्येक आठवडे जातात, मग कुठे भूप किंवा दुर्गा, त्रितालातली एखादी छोटी बंदिश. तुमचा यमन त्याच्यानंतर, पण फार लांब नाही.

क्लासच्या आधी घरी काहीतरी करायचंच असेल, हात शिवशिवत असतील, तर एवढं करा. मोबाइलवर तानपुऱ्याचं एखादं फुकटातलं ॲप घ्या (तानपुरा विकत घ्यायची एक वर्ष तरी गरज नाही, सतारमेकर गल्लीतून जाताना नुसतं थांबून जवारी काढलेली, म्हणजे तारेचा नाद घुमावा म्हणून घोडी घासलेली, ऐका, ते लोक हौसेने ऐकवतात). तुम्हाला न ताणता, स्पष्ट निघणारा सगळ्यात खालचा सूर कोणता ते शोधा. तो मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, धरा आणि तिथून प ध नी सा असं चढत या, जिथे पोचाल तो साधारण तुमचा सा. ॲपवर ती पट्टी लावा. नंतर सर थोडी वर-खाली करतील, पण ही पहिलीच वेळ असेल जेव्हा कोणीतरी तुमच्या गळ्याच्या मापाची पट्टी धरली, आणि त्यात सा लावून बघाल तेव्हा तुम्हाला तुमचाच आवाज ओळखू येईल का हे बघायला मला फार आवडेल.

रेकॉर्डिंग पहिला महिनाभर करू नका. आपला आवाज आपल्याला कानातून आणि हाडांतून दोन्हीकडून ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो, म्हणून तो सगळ्यांनाच परका आणि पातळ वाटतो, पट्टीच्या गवयालासुद्धा. तुम्ही आत्ता ते ऐकलंत तर आणखी एक पुरावा म्हणून फाइलला लावाल.

वेळ रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको सुरुवातीला. सकाळी जमलं तर खर्जाचा सा, सावकाश, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा. नाही जमलं तर संध्याकाळी कुकर लावल्यावर. शेजारच्यांचं टेन्शन घेताय ते मला कळतं, फ्लॅटच्या भिंती कशा असतात ते मलाही माहितीये, पण वीस मिनिटांचा सा हा शेजारच्या टीव्हीपेक्षा मोठा नसतो, आणि चौथ्या दिवसापासून कोणाचंही लक्ष राहत नाही. गळा दुखायला लागला की तिथेच थांबा, गाताना दुखणं म्हणजे प्रगती नव्हे. तुमचा आवाज पहिल्यापासूनच जाड आहे म्हणून काळजी नाही, पण कोणाचाही आवाज अलीकडेच बसला असेल आणि तीन आठवड्यांत उघडला नसेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून या, मग रियाझ.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलंय, लागण्यासारखंच आहे. त्यांना लगेच पटवायला जाऊ नका, मात्र लपवूही नका, कारण चोरून शिकलेलं गाणं चोरट्यासारखंच निघतं. 'गुरुवारी आणि शनिवारी सहा ते सात मी क्लासला जाते' एवढं सांगा, परवानगी विचारल्याच्या सुरात नाही, पाण्याची वेळ सांगतो त्या सुरात. यजमानांचं 'कोण अडवतंय' हे अडवणं नाही हे खरं, पण सोबतही नाही, त्यांना स्पष्ट काम सांगा, त्या दोन दिवशी कुकर तुम्ही लावायचा. बऱ्याच पुरुषांना मनातलं ओळखता येत नाही, सांगितलेलं करता येतं.

अशीच पत्रं मला आणखी येतात म्हणून दोन शब्द त्या सगळ्यांना. मुलांना क्लासला सोडून बाहेर बाकावर बसणाऱ्या आया, ज्यांना आत चाललेली बंदिश मुलांच्या आधी पाठ होते, त्यांनी एकदा सरांना विचारून आत बसावं. रिटायर झाल्यावर तबला नाहीतर सतार शिकू म्हणणाऱ्यांनी रिटायरमेंटची वाट बघू नये, बोटं आत्ता जास्त वळतात. आणि परीक्षांची भीती घालून घेऊ नका, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' ते 'अलंकार' अशा नावांच्या परीक्षा असतात, त्या हव्या असतील तर द्या, कोणाला त्याने शिस्त लागते, कोणाचं गाणंच त्याने आक्रसतं. तुम्हाला ताई, निदान पहिलं वर्ष देऊ नका असं सांगेन. तुम्हाला परत कोणाच्या तरी समोर मार्कांसाठी उभं राहायची घाई नाहीये.

या गुरुवारी भाजी आधी घ्या. पिशवी घेऊनच वर जा, सरांना सांगा आज नुसती ऐकते. दाराशी बसा, पिशवी मांडीवर, अर्ध्या तासाने उठून आलात तरी चालेल. आणि पट्टी निघाली की मला कळवा कुठली निघाली ते, माझा अंदाज पांढरी चार आहे.